तिसरा लेप

गल्लीत तिला कोबेवाल्या काकू म्हणत. नाव चिडवण्यासाठी पडलं होतं, पण खोटं नव्हतं. बाकीच्या बायका घराची लादी पुसतात, ही गॅरेजचा कोबा घासायची. लग्न होऊन आली ती मेकॅनिकच्या घरात, आणि घर म्हणजे गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराचं दार उघडलं की समोर गाड्यांची पोटं दिसायची. नवऱ्याला सगळं गाव मिस्त्री म्हणायचं, म्हणून तीही मिस्त्रीच म्हणायला लागली.

मिस्त्रीचा हात चांगला चालतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची. चालायचाच. इंजिनावर चालायचा तसा माणसांवरही चालायचा. त्याचा एकच हट्ट होता, कोब्यावर तेलाचा थेंब दिसता कामा नये. इतर गॅरेजांत जाऊन बघा, जमीन काळीकुट्ट, पाय टाकला की सर्रकन घसरणार. मिस्त्रीच्या गॅरेजात मात्र पान मांडून जेवायला बसावं असा कोबा. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. तो तसा राहतो कसा, हे विचारायची गरज त्यांना कधी वाटली नाही. नियम साधा होता. ज्याच्या हातून तेल सांडलं त्याने ते लगेच टिपायचं. टिपायच्या आधी मिस्त्रीची नजर गेली, तर त्याच्या हातात त्या क्षणी जे असेल ते अंगावर बसायचं. पाना असला तर पाना, फॅनबेल्ट असला तर फॅनबेल्ट.

त्याचे दोन मुलगे याच कोब्यावर रांगले आणि याच कोब्यावर हाडं मऊ करून घेत मोठे झाले. थोरला इंजिनाच्या कामात तयार झाला, धाकटा गिअरबॉक्सच्या. थोरल्याच्या अंगाला काळ्या ऑइलचा वास, धाकट्याच्या अंगाला गिअर ऑइलचा तो कुजकट वास, जो साबणानेही जात नाही. अंधारातसुद्धा कोणता मुलगा शेजारून गेला ते आईला कळायचं.

उरलेला डाग काढायचं काम तिचं. ताज्या तेलावर लाकडाचा भुसा टाकायचा, चपलेने रगडायचा, झाडून काढायचा. मग धुण्याचा सोडा पसरून वर उकळतं पाणी, आणि गुडघे टेकून ताठ केसांचा ब्रश. तिच्याकडे दोन बादल्या असायच्या. गरम पाण्याची तेलासाठी, थंड पाण्याची रक्तासाठी. रक्तावर गरम पाणी टाकलं की ते धरून बसतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. थोरल्याची भुवई फुटली तेव्हा कळलं, धाकट्याचा दात पडला तेव्हा पक्कं झालं. एकदा तिचा स्वतःचा ओठ फाटला होता. तेव्हा एका हाताने ओठाला पदर लावून दुसऱ्या हाताने तिने ब्रश मारला होता, कारण संध्याकाळी एक मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. आणि ते गिऱ्हाईक आलंही, आणि कोबा बघून म्हणालं, वा!

मिस्त्रीचा जीव कोब्याखालोखाल कशात असेल, तर त्याच्या जॅकमध्ये. चाकांवर ढकलायचा, लांब दांड्याचा जुना जॅक. दांडा वरखाली मारला की आतल्या तेलाच्या जोरावर गाडी उचलली जायची. त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्याची जागाही ठरलेली, स्वयंपाकघराच्या दारासमोर, कारण कोबा तिथे सर्वांत सपाट होता. गाडी उचलल्यावर खाली लोखंडी घोडे लावायचे असतात, म्हणजे जॅकने दगा दिला तरी गाडी घोड्यांवर राहते. पण मिस्त्री म्हणायचा, "घोडे भित्र्यांसाठी. माझा जॅक माझ्या बापासारखा उभा राहतो."

एकदा धाकटा, मिसरूड फुटलेला मुलगा, त्याला म्हणाला, "बाबा, जॅक गळतोय. सील गेलंय त्याचं."

जॅकचा दांडा त्याच्या बोटांवर बसला. बोट मोडलं आणि वाकडंच जुळलं. त्यानंतर त्या घरात जॅकबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मिस्त्रीने सील काही बदललं नाही. कुठल्याशा गिऱ्हाइकाने उरलेला लाल तेलाचा डबा दिला होता, लाल म्हणजे अगदी सरबतासारखं लाल. दुसऱ्या कशात ते तेल घालायची त्यांच्याकडे वेळच येत नसे. तेच तो जॅकमध्ये अधूनमधून ओतायचा आणि डब्याच्या तोंडाला बोळा कोंबून ठेवायचा. त्याच्या रुमालांवर लाल डाग यायचे. ती ते मुकाट्याने धुवायची.

मग एका सकाळी जॅकवरची गाडी मिस्त्रीच्या छातीवर आली.

आवाज झाला तेव्हा ती कणीक मळत होती. धावत आली तर गाडीखालून मिस्त्रीचे दोन पाय बाहेर, आणि एक पाय कोब्यावर टाच घासत होता. मुलांनी जिवाच्या आकांताने गाडी उचलली. तोवर टाच थांबली होती. गाडी आदळून इंजिनचं चेंबर फुटलं होतं. त्यातलं सगळं काळं तेल मिस्त्रीवर, जॅकवर आणि त्या सपाट जागेवर पसरलं होतं.

जॅक घसरला, असं सगळे म्हणाले. आणि घसरला म्हणजे खाली आधीच तेल होतं. आता तेल कोणाचं? आदल्या संध्याकाळी धाकट्याने तिथे गिअरबॉक्स उघडला होता. त्याआधी थोरल्याने तिथेच इंजिनचं ऑइल काढलं होतं. दोघेही आईची शपथ घेऊन सांगत होते की मी पुसलं होतं. ज्याने सांडलं त्याने पुसायचं, हा बापाचा नियम. म्हणजे ज्याने पुसलं नाही त्याने बापाला मारलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, मग बोटाची मूठ झाली. घरात अजून रडारड चालू असताना गॅरेजात हे दोघे एकमेकांच्या नरडीला लागले. थोरल्याने धाकट्याचं डोकं त्याच डागावर आपटलं. धाकट्याच्या हाताला व्हीलपाना लागला. त्याने तो डोळे मिटून फिरवला.

थोरल्याचा डावा डोळा गेला. धाकटा आत गेला.

त्या दिवशी तिने थंड पाण्याची बादली आणली आणि थोरल्याचं रक्त धुतलं. ते गेलं. खालचा काळा डाग मात्र गेला नाही. गाडीच्या चाकाएवढा तो डाग, आणि त्याला हात लावायला थोरल्याने सक्त मनाई केली. "राहू दे तो. त्याने पाडलाय. तो आला की त्याला दाखवायचाय."

एका डोळ्याचा माणूस फार वाईट सावध होतो. थोरला पाठ भिंतीला लावून बसायला लागला. डावीकडून कोणी आलं की त्याची मान झटक्यात वळायची आणि हात पान्याकडे जायचा. एकदा ती चहा घेऊन चुकून त्याच्या डावीकडून गेली. त्याने न बघताच हात मारला. कप फुटला, तिच्या मनगटात काच घुसली, चहा दोघांच्या अंगावर. मग तो लहान मुलासारखा रडला. पण रडून झाल्यावर म्हणाला, "मला वाटलं तो आला." थोरल्याची बायको पोरांना घेऊन माहेरी भावाकडे निघून गेली. जाताना सासूला म्हणाली, "आई, हे दिसतात मिस्त्रींसारखे, मारतातही तसेच. मी तुमच्यासारखी बादल्या भरत बसणार नाही." शब्द झोंबले, पण खोटे होते असं तिला म्हणता येईना.

धाकट्याच्या सुटकेचा निरोप आला, त्या दिवशी थोरल्याने जुन्या गाडीचा एक्सल शोधून काढला. हातभर लांब, मनगटाएवढा जाड. तो त्याने शटरशेजारी टेकवून ठेवला. "पाऊल टाकू दे त्याला इथे. त्याच डागावर आडवा करतो. पळत असेल तर पाठलाग करून करतो." हे त्याने ओरडून म्हटलं नाही. नट आवळताना सांगावं तसं सांगितलं. म्हणून ती घाबरली.

एक मुलगा मरणार आणि दुसरा फासावर जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. समजावून उपयोग नव्हता, त्या घरात समजावण्याची कधी रीतच नव्हती. तिच्या हातात एकच विद्या होती. डाग गेला तर बोट दाखवायला जागा उरणार नाही, असा तिने विचार केला. विचार वेडा होता. पण माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो, आणि तिच्या हाताला ब्रश लागला.

तिने सोडा टाकला, उकळतं पाणी टाकलं, तारेच्या ब्रशने कोब्याची सालटी काढली. थोरल्याने येऊन बादलीला लाथ घातली. उकळतं पाणी तिच्या पावलावर आलं. ती उठली नाही. "हात तोड माझे, मग थांबते," ती म्हणाली. थोरला बघत राहिला. मग हसला. "घास. नाही निघणार."

खरंच निघेना. शेवटी तिने संडास धुवायचं ॲसिड आणून ओतलं. कोबा फसफसला, धुराने डोळे जळले, वरचं सिमेंट खाल्लं गेलं आणि त्या खडबडीत जागेत डाग आणखीच काळा दिसायला लागला. शेजारचा फर्निचर पॉलिशवाला खोकत धावत आला.

"वहिनी, जीव द्यायचाय का? ॲसिड सिमेंटला खातं, तेलाला काय करणार ते? आणि वरून किती घासाल? तेल खाली उतरलंय. त्याला वर खेचायला लागतं."

"कसं खेचू, भाऊजी? सांगा, कसं?"

तो दुकानातून पांढऱ्या खडूची भुकटी आणि थिनर घेऊन आला. दोन्ही कालवून घट्ट लेप केला, डागावर थापला आणि वरून प्लास्टिक अंथरलं. "सुकत सुकत हा खालचं तेल पितो. सुकला की खरवडायचा, परत नवा लावायचा. जेवढं जुनं तेवढं शेवटी येतं. आणि काडी-बिडी जवळ आणू नका, भडकेल." जाताना त्याने शटरजवळचा एक्सल बघितला. तो आपल्या दुकानात गेला आणि त्याने दार लावून घेतलं. शेजारी असेच असतात.

पहिला लेप सुकला तो डांबरासारखा काळा होऊन. दुसरा तपकिरी आला. तिसरा थापताना तिचे हात थिनरने सोलले होते, गुडघे सुजले होते, पण डाग फिका पडत होता. तिच्या मनाने उभारी धरली. तिने वरचं प्लास्टिक काढून ठेवलं आणि लेप सुकायची वाट बघत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

धाकटा ठरलेल्या दिवसाच्या एक दिवस आधीच आला.

शटर अर्धं उघडं होतं. त्याखालून तो वाकून आत आला. वाळलेला, केस कापलेले, हातात पिशवी, ओठांत पेटलेली सिगरेट. एक क्षण तिला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. पण आधी सिगरेट दिसली आणि ती किंचाळली, "टाक ती बाहेर!" तिने धावत जाऊन ती त्याच्या तोंडातून ओढली आणि शटरबाहेर भिरकावली. किती दिवसांनी परत आलेल्या मुलाचं हे स्वागत!

तिच्या किंचाळण्याने थोरला बाहेर आला. त्याने भावाला बघितलं. मग चालत, अगदी सावकाश चालत जाऊन त्याने एक्सल उचलला आणि शटर खाली ओढून घेतलं.

"दादा, मी भांडायला आलो नाही."

"मी आहे."

पहिला घाव पिशवीवर आला, पिशवी उडून गेली. दुसरा धाकट्याच्या खांद्यावर बसला, हाड कडकन वाजलेलं तिने ऐकलं. धाकटा कोसळता कोसळता थोरल्याच्या डाव्या अंगाला घुसला, जिकडे त्याला दिसत नव्हतं, आणि डोक्याने त्याच्या बरगड्यांत धडक दिली. दोघे पान्यांच्या फळीवर आदळले. फळी तुटली, लोखंडाचा पाऊस पडला. थोरल्याने त्याचा कान दातांत धरला. धाकट्याने वाकड्या बोटाचा हात त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे नेला, आणि ती ओरडली, "डोळा नको रे! डोळा नको!" धाकट्याचा हात तेवढ्यासाठी थांबला. थोरल्याला तेवढंच हवं होतं. त्याने भावाला उचलून खाली आपटलं, नेमकं त्या लेपावर, आणि एक्सल दोन्ही हातांनी डोक्यावर नेला.

ती धाकट्याच्या अंगावर पडली.

"बाजूला हो, आई."

"मार. आधी माझ्यावर पडू दे."

"बाजूला हो म्हणतो ना!"

धाकट्याच्या पाठीखाली सुकत आलेला लेप फुटला होता. त्याची खपली उलटी होऊन तिच्या तोंडासमोर आली होती. वरून पांढरी, आणि खालून लाल.

रक्त, असं तिला वाटलं. मिस्त्रीचं रक्त, इतके दिवस आत मुरलेलं. पण रक्त तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. रक्त असं लाल राहत नाही, ते काळं तपकिरी होतं. तिने खपली बोटांत चुरडली. बोटं बुळबुळीत झाली. तिने बोटं नाकाला लावली, आणि मिस्त्रीच्या रुमालांचा वास आला.

ती उठली. तिने ती खपली थोरल्याच्या चांगल्या डोळ्यासमोर धरली. "हे काय आहे? बघ. हे तुझं आहे? ह्याचं आहे?"

एक्सल वरच होता. थोरल्याचा डोळा खपलीवर आला. पहिल्यांदा त्याला काही कळलं नाही. मग त्याने वास घेतला. त्याच्या जबड्याची हालचाल थांबली.

"लाल तेल," खालून धाकटा म्हणाला. त्याच्या फाटलेल्या कानावरून रक्त गळत होतं. "लाल तेल फक्त जॅकमध्ये जायचं."

"सगळ्यांत खालून आलंय," ती म्हणाली. "तुमच्या दोघांच्या तेलाच्या खालून."

ती मागच्या खोपटात गेली. त्या दिवसापासून ताडपत्रीखाली फेकलेला तो जॅक तिने खरडत, ओढत बाहेर आणला. आयुष्यात कधी हात लावला नव्हता तिने त्याला. त्याच्या पाठीवर ती स्वतः चढून उभी राहिली आणि थोरल्याला म्हणाली, "मार दांडा."

थोरल्याने एक्सल खाली ठेवला आणि दांडा मारला. जॅकने तिला कोब्यापासून हातभर वर उचललं. तिघेही बघत होते. गाडी नव्हे, कोबा घासून घासून वाळलेली एक म्हातारी बाई. तेवढंही वजन त्याला पेललं नाही. फुसफुसत, सावकाश, तो तिला घेऊन खाली बसला.

जॅक घसरलाच नव्हता. तो बसला होता.

तिच्या आत इतक्या वर्षांचं काय काय साचलं होतं कोण जाणे. तिने भिंतीजवळचा घण उचलला. तिला तो उचलवेल असं कोणालाच वाटलं नसतं. "मेल्या!" असं ओरडून तिने तो जॅकवर घातला. सगळा जन्म नवऱ्याला अहोजाहो करणारी बाई, ती आज अरेतुरेवर आली. "मेल्या, पोरगं सांगत होतं तुला, गळतोय म्हणून! बोट मोडलंस त्याचं! स्वतः मेलास तो मेलास, माझी दोन्ही पोरं घेऊन चालला होतास!" घण कोब्यावर बसला, खपल्या उडाल्या, जॅकचं एक चाक निखळून घरंगळत गेलं. "कोबा पाहिजे होता तुला! घे कोबा!" ज्या कोब्यासाठी तिचे गुडघे गेले त्या कोब्याला तिने स्वतःच्या हातांनी खड्डे पाडले. प्रत्येक घावाला तिला बरं वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. वाईट एवढंच वाटलं, की हा घण पूर्वीच उचलायला हवा होता, तो जिवंत असताना, पहिली भुवई फुटली तेव्हा. तेव्हा तिने बादली उचलली होती.

हात संपले तेव्हा घण तिच्या हातून सुटला. ती जिथल्या तिथे बसली. थोरला तिच्यासमोर गुडघ्यांवर आला आणि तिची सोललेली बोटं धरून बसला. डोळा काही परत येणार नव्हता. धाकट्याची आत गेलेली वर्षंही नाहीत. हे तिघांनाही कळत होतं.

धाकटा उठला. मोडक्या खांद्याचा हात लोंबत होता. त्याने दुसऱ्या हाताने घण उचलला. जॅक अजून पुरता मोडला नव्हता. तो लंगडत आला आणि थोरल्याच्या डाव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लागेल एवढ्या जवळ येऊन उभा राहिला. घण वर गेला.

थोरल्याने मान वळवली नाही. तो तिच्या बोटांवरची खडूची भुकटी पुसत राहिला.